काळुंदराचे गाव सुरत?

काळुंदराचे शास्त्रीय नाव ‘एट्रोप्लस सुराटेन्सिस’ आहे, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले. सुराटेन्सिस म्हणजे सुरतेचे. बर्लिनमधल्या मार्कुस ब्लोख नावाच्या डॉक्टरने १७९० साली या माशाचे वर्णन छापले आणि त्याच्या नावात सुरत घातली. आता बोला! खाजनातल्या पोयीत वाढणारे, मानशीच्या दाराशी घुटमळणारे, रवा लावून भाजले की घरभर वास सोडणारे आपले काळुंदर दप्तरी मात्र सुरतेचे. राहते गाव एक आणि कागदावर दुसरेच, ही भानगड आमच्या कचेरीत आम्ही रोज बघतो. माशांनाही ती चुकलेली नाही हे नवीन होते.

गेल्या डिसेंबरात मावसभावाच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीसाठी सुरतेला जाण्याचा योग आला. तो वीसेक वर्षे हजिऱ्याच्या एका कारखान्यात नोकरीला आहे आणि अडाजणला राहतो. सुरत म्हटले की शाळेत शिकलेली १६६४ ची आणि १६७० ची लूट आठवायला हवी. गोव्याचा माणूस म्हणून १५३० साली पोर्तुगीजांनी जाळलेली सुरतही आठवायला हरकत नाही. मला आठवले काळुंदर. दुसऱ्याच दिवशी सकाळी मासळी बाजारात जाऊन मोबाईलवरचा फोटो दाखवत फिरलो. एकीने ‘बोई’ पुढे केली, म्हणजे आपला शेवटो. दुसरीने फोटो नीट निरखला आणि ही चिलापीच आहे, असा निकाल दिला. तिसरीने फोटोकडे न बघताच भाव सांगितला.

काळुंदराला चिलापी म्हणणे हा गोव्यात अपमान ठरेल. पण त्या बाईचे अगदीच चुकले नव्हते. चिलापी, म्हणजे तिलापिया, आणि काळुंदर एकाच कुळातले. फरक एवढाच, की काळुंदर मूळचे आपल्या दक्षिणेकडच्या किनाऱ्याचे आणि श्रीलंकेचे, तर चिलापी आफ्रिकेची. मोझांबिकची तिलापिया १९५२ साली भारतात आणली गेली. कमी खर्चात, कुठल्याही डबक्यात वाढणारे गरिबाचे अन्न म्हणून आणली. ती एवढी वाढली की १९५९ साली तिचा प्रसार थांबवावा असे ठरवण्याची वेळ आली. तोवर उशीर झाला होता. गोड्या पाण्यात, खाऱ्या पाण्यात, प्राणवायू कमी असलेल्या घाण पाण्यातही ती जगते. आज उजनीच्या धरणापासून आपल्या गावच्या तळ्यापर्यंत ती कुठे नाही, असे नाही.

बाजारातून रिकाम्या हाताने परतलो तेव्हा मावसभाऊ हसला आणि म्हणाला, “काळुंदरां मेळचीं नात, पूण गरोवंक वचूं या.”

गरवायला जाऊया! तीस वर्षांत हा शब्द त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. मराठी शब्दकोशात शोधत बसू नका. गोव्यात आणि मालवणात ज्याने लहानपणी गरी पाण्यात टाकली आहे त्याला तो समजतो. इंग्रजीत काठीने मासे पकडणाऱ्यांमध्ये ‘पॅनफिश’ असा एक शब्द आहे, म्हणजे अख्खा तव्यावर मावेल एवढा मासा. अमेरिकेत ब्लूगिल, क्रॅपी असले तळ्यातले छोटे मासे त्यात मोडतात. आपल्याकडे असा शब्द नाही. पण काळुंदर मात्र तंतोतंत तेच आहे. पसरट, ताटलीएवढे, चीर देऊन मसाला भरला की तव्यावर बरोबर दोन मावतात.

आम्ही दोघे लहानपणी आजोळच्या मानशीवर गरवायचो. बांबूची बारीक काठी, हातभर जास्तीची तंगूस, शिशाचा एक मणी आणि पाण्यावर तरंगायला मोराच्या पिसाचा देठ. गरीला गांडूळ किंवा कणकेची गोळी. काळुंदर गरीला लागणे सोपे नाही. ते मुळात शेवाळ कुरतडणारे, तोंड लहान. शेंगट्यासारखे आमिष गिळून पळत नाही, तर कडेकडेने चिमटे घेत राहते. पिसाचा देठ किंचित थरथरतो, थांबतो, पुन्हा थरथरतो. घाई केली तर रिकामी गरी वर येते, उशीर केला तर गोळी गेलेली असते. त्या दोहोंमधला क्षण हाताला कळावा लागतो. सांगून तो कुणाला शिकवता येत नाही. मावसभावाला तो लवकर कळला, मला फार उशिरा. दिवसभर बसून मला एक मिळायचे तेव्हा त्याच्या दोरीत पाच-सहा ओवलेली असायची. घरी मात्र मावशी सगळी एकत्रच भाजायची, त्यामुळे कुणाचे कुठले हा प्रश्न जेवताना उरत नसे.

सुरतेतली जागा म्हणजे तापी नदीवरचा सिंगणपोरचा कॉजवे. १९९५ साली बांधलेला हा बंधारा पूल म्हणूनही वापरात आहे, पलीकडे रांदेर. भरतीचे खारे पाणी वर येऊ नये आणि शहराला पिण्याचे पाणी मिळावे म्हणून तो घातला. पावसाळ्यात पाणी चढले की त्यावरची वाहतूक बंद करतात. एरवी मात्र वरच्या अंगाला नदी वाहायची थांबते आणि भर शहरात एक लांबलचक तळे होते. खालच्या अंगाला समुद्राची ओढ असलेली नदी, वरच्या अंगाला स्थिर पाणी. खाजनाचा बांध पाहिलेल्या माणसाला हे चित्र लगेच ओळखीचे वाटते. आपली मानस आहे तीच, फक्त सिमेंटची आणि अवाढव्य!

सकाळी सातला पोचलो तेव्हा काठावर दहाबारा जण आधीच होते. लिंबायतहून आलेली तीन खानदेशी पोरे, आईबाप यंत्रमागांवर काम करायला धुळे-जळगावकडून आलेले. दोन ओडिया कामगार, रात्रपाळी संपवून तसेच आलेले. एक टोपीवाले वयस्क सुरती गृहस्थ, त्यांच्याकडे काठीच नव्हती, नुसती दोरी बोटाला गुंडाळलेली. मावसभावाकडे मात्र फायबरची काठी, फिरकी, आमिषांची पेटी, घडीची खुर्ची. त्याने मला एक जुनी काठी दिली. कणकेची गोळी मी स्वतः वळली. तेवढे अजून जमते.

आता यातला आनंद नेमका कसला, हे सांगायला बसलो की शब्द अपुरे पडतात. लोक म्हणतात शांतता. पण कॉजवेवर शांतता कसली? मागे दुचाक्यांचे भोंगे, समोर जलपर्णीच्या हिरव्या गाद्या, त्यात अडकलेल्या पिशव्या आणि निर्माल्य. तरीही पाण्यावरच्या त्या तरंगत्या तुकड्याकडे डोळे लागले की दहा मिनिटांत बाकीचे सगळे मागे सरकते. मनातल्या रिकाम्या गोष्टी रिकाम्याच राहतात, कुणी त्या भरायला येत नाही. मासा मिळणार की नाही हे आपल्या हातात नाही आणि मिळाला नाही तरी कुणाला जाब द्यायचा नाही. वर्षानुवर्षे ‘जावक’ आणि ‘आवक’ लिहिणाऱ्या माणसाला याचे मोल विचारा.

तासाभराने तुकडा सरळ खाली गेला. चिलापी काळुंदरासारखे नखरे करत नाही, सरळ ओढते. शेजारचे पोर अहिराणीत ओरडले, “काका, चिलापी लागनी, वढा!” ओढली. तळहातापेक्षा थोडी मोठी, काळपट, ताठ काट्यांची. खोटे कशाला बोलू, पंचेचाळिशीला टेकलेला मी बारा वर्षांच्या पोरासारखा हसलो. मग आणखी दोन मिळाल्या.

आणि इथेच खरी अडचण उभी राहिली. आता या माशांचे करायचे काय?

“हांगाचें नुस्तें खावपाचें न्हय रे,” मावसभाऊ म्हणाला. वरून शहराचे पाणी मिसळते, त्याचा विश्वास नाही. शिवाय नव्या सोसायटीत मासे नेणे जड. शेजारी चांगले आहेत, कुणी तोंडावर काही बोललेले नाही, पण लिफ्टमध्ये वास आला की नजरा बदलतात. वहिनी बाजारातले मासेही डब्यात घालून, डबा पिशवीत घालून, जिन्याने वर नेते. म्हणून तो काय करतो, तर मासा पकडतो, फोटो काढतो आणि सोडून देतो. परदेशात असेच करतात, म्हणाला. मासा मरत नाही, आपली हौस भागते. कुणाचे नुकसान आहे का?

मला ते पटले नाही. तिथेच काठावर आमचा वाद झाला आणि तो घरी जेवतानाही चालू राहिला. माझे म्हणणे साधे आहे. ओठात गरी घुसवायची, पाण्याबाहेर गुदमरवायचे, हातांनी दाबून फोटो काढायचा आणि मग ‘जा बाबा, तुला जीवदान दिले’ म्हणायचे, ही दया कसली? मारून खाणाऱ्याला आपण जीव घेतला हे निदान माहीत असते. आपल्याकडे पोटासाठी मासा पकडतात, त्यात हौस आहे, पण हौसेला ताटाचा आधार आहे. ताट काढून घेतले की उरतो तो नुसता मुक्या जिवाशी खेळ. मावसभावाचे म्हणणे असे, की हा गोव्याचा हट्ट आहे. ज्याला खाता येत नाही त्याने पाण्याकाठी बसूच नये का? तीस वर्षे मनात ठेवलेली गोष्ट त्याने कुठे करायची?

या प्रश्नाला माझ्याकडे चांगले उत्तर नव्हते.

वाद चालू असताना ओडिया कामगारांपैकी एकाने हळूच विचारले, “साहब, नहीं चाहिए तो हमको दे दो।” मावसभावाने त्यालाही पाण्याविषयी सांगितले. तो हसला. “हम तो हर हफ्ते खाते हैं।” मी तिन्ही मासे त्याला दिले. त्याने ते ओल्या गमछात गुंडाळले. त्याची खोली कुठे, किती जणांत तीन चिलाप्या वाटल्या जाणार, मी विचारले नाही. एवढे मात्र लक्षात आले की ‘खाण्यालायक नाही’ असे ठरवणे हीही एक चैन आहे. आम्ही दोघे तत्त्वावर भांडत होतो, आणि ते पाणी ज्याच्या पोटात जात होते तो माणूस समोर उभा होता. पाणी खराब असेल तर त्याची किंमत तो भरणार, आम्ही फक्त मत देणार.

तळ्यातल्या माशाचे इतर तोटे काय, ते सर्वांना ठाऊक आहेत. काटे फार, मांस थोडे. संथ पाण्यातल्या माशाला कधी कधी चिखलाचा वास येतो, तो तिरफळानेही जात नाही. तुटलेली तंगूस काठावर टाकून लोक निघून जातात, ती बगळ्यांच्या पायांत अडकते. निसरड्या काठावरून पोरे पडतात. या गोष्टींना काळजी घेणे हा उपाय आहे. पण पाण्याचे तसे नाही. गरवणाऱ्याचा आनंद त्याच्या हातात कमी आणि पाण्यात जास्त असतो. काठी बांबूची असो की फायबरची, समोरच्या पाण्यातला मासा घरी नेऊन लेकरांच्या ताटात वाढायची तुमची छाती होत नसेल, तर त्या आनंदातला मोठा वाटा आधीच गेलेला असतो. सुरतेच्या काठावर मला हे नीट कळले. मला सुरतेला नावे ठेवायची नाहीत. पन्नास लाखांवर लोकांचे पोट चालवणारे हे शहर आहे, त्याच्या नदीने सोसायचे ते सोसले आहे. मला काळजी वाटली ती आपली.

कारण आपल्याकडे काय चालले आहे? खाजनांचे बांध फुटतात आणि वर्षानुवर्षे दुरुस्त होत नाहीत. फुटलेला बांध म्हणजे शेतात खारे पाणी आणि पोयीचा सत्यानाश. मानशीचा लिलाव होतो, त्याला माझा विरोध नाही, तो आपल्याकडचा जुना व्यवहार आहे. पण पैसे वसूल करायचे म्हणून बारीक भोकांचे जाळे लावून बोटाएवढी पिल्लेही उचलली तर पुढच्या वर्षी लिलाव कशाचा करणार? माझ्या लहानपणी मानस घेणारा माणूस आम्हा काठीवाल्या पोरांना हाकलत नसे. ‘पोरांनो, बांधाचे दगड काढू नका,’ एवढीच त्याची अट. आज अनेक ठिकाणी काठी घेऊन उभे राहिले की विचारणा होते. दुसरीकडे तळ्यांच्या काठाने बंगले उठतात आणि त्यांचे सांडपाणी कुठे जाते ते विचारायचे नसते. कुडचड्याच्या नंदा तळ्याला २०२२ साली रामसर यादीत जागा मिळाली, गोव्यातले ते पहिलेच. आनंद झाला. पण ज्या तळ्यांना यादीत जागा नाही त्यांचे काय?

आणि चिलापी. हौसेने किंवा अनवधानाने कुणीतरी ती तळ्यात सोडतो आणि थोड्या वर्षांत तिथे दुसरे फारसे काही उरत नाही. तिच्यात दोष नाही, ती चांगली आई आहे. मादी अंडी तोंडात घेऊन फिरते, पिल्ले फुटली तरी धोका दिसला की ती पुन्हा तोंडात शिरतात. कॉजवेवर त्या सुरती गृहस्थांनी सांगितले, की जाळ्यात सापडलेली मादी कधी कधी तोंडातली पिल्ले पाण्यात ओकून टाकते. आपण गेलो तरी ती वाचतात.

काळुंदराचे तसे नाही. ते पाण्यातल्या दगडाला, लाकडाला अंडी चिकटवते आणि नर-मादी दोघेही पहारा देतात. पंखांनी पाणी हलवतात, जवळ येणाऱ्या माशाला हाकलतात, पिल्ले मोठी होईपर्यंत त्यांच्या थव्याबरोबर फिरतात. जोडीतले एक गेले की दुसऱ्याला सगळीकडे लक्ष देणे जमत नाही आणि इतर मासे अंडी-पिल्ले फस्त करतात. हे मी पुस्तकात वाचण्याआधी पाहिले होते. मानशीजवळच्या उथळ पाण्यात एक जोडी दगडाभोवती फिरत होती. जागा सोडत नव्हती, म्हणून पकडणे सोपे. गोळी अंड्यांजवळ सोडली की खायला नव्हे, हाकलायला म्हणून ते तोंड घालते. मी एक काढले. त्या दिवशी पहिल्यांदा मावसभावाआधी मला मासा मिळाला म्हणून केवढा मिरवलो! दुसऱ्या दिवशी तो दगड स्वच्छ होता आणि दुसरे काळुंदर कुठे दिसत नव्हते. मावशीला सांगितले तेव्हा ती काही बोलली नाही. पण त्यानंतर ‘जोडीतले काढू नका’ हे ती बजावू लागली. कायदा, बंदी, समिती यांतले काही नव्हते. एक बाई सांगायची आणि पोरे ऐकायची.

समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. तो नियम पाळला जातो की नाही यावर भांडण होते, पण निदान नियम आहे. पोयीत आणि तळ्यांत असा शहाणपणा कुणी सांगायचा? केरळने २०१० साली काळुंदराला, त्यांच्या करीमीनला, राज्यमासा केले. आपण शेवट्याला तो मान दिला, योग्यच केले. काळुंदराला मान नको. गावोगावच्या मानशीच्या करारात दोन ओळी घातल्या तरी पुरे. जाळ्याचे भोक ठरावीक आकाराहून लहान नको आणि बांधाचा एक तुकडा काठीवाल्या पोरांसाठी मोकळा. ग्रामसभेत हे मांडायला अधिकारी लागत नाही, हात वर करणारा एक माणूस लागतो. मी गेल्या ग्रामसभेत हात वर केला होता. विषय पुढच्या सभेत घेऊ असे उत्तर मिळाले. कारकून असल्यामुळे या उत्तराचा अर्थ मला कळतो, तरी पुढच्या सभेलाही जाणार आहे.

सुरतेहून निघताना मावसभावाने ती जुनी काठी फिरकीसकट मला देऊन टाकली. वहिनीने बोईचे हुमण केले होते, मी गोव्याहून नेलेले तिरफळ घालून. डबा पिशवीत घालून जिन्यानेच वर आला होता. जेवताना त्याने विचारले, “मानशीर आजून काळुंदरां आसात?” आहेत, म्हणालो. खरे तर मला माहीत नव्हते. कित्येक वर्षांत मी तिथे काठी घेऊन गेलेलोच नव्हतो.

परत आल्यावरच्या दुसऱ्या रविवारी गेलो. फिरकीची काठी घरीच ठेवली आणि बांबूची नवी करून घेतली. सकाळपासून दुपारपर्यंत बसलो. चार चिलाप्या आणि दोन काळुंदरे मिळाली. चिलाप्या शेजारच्या पोरांना दिल्या, एक काळुंदर घरी आणून भाजले. दुसरे चार बोटांएवढेही नव्हते. ते गरीतून सोडवून हलकेच पाण्यात सोडून दिले. हे मावसभावाला अजून फोनवर सांगितलेले नाही.